दोन बोटं डावीकडे

आमच्या सिस्टरआत्याला वाकडं काही खपत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचं ताट, दाराशी लावलेली माझी स्कूटर, सगळं सरळ रेषेत लागे. एकदा चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश ऐन रंगात आला असताना ती पहिल्या रांगेतून उठली, पुढच्या मेजावरचं कापड एका बाजूला जास्त लोंबत होतं ते ओढून नीट केलं आणि परत जागेवर येऊन बसली. पाळकसाहेब बोलायचे थांबले होते. ती म्हणाली, "चालू द्या. आता ऐकू येईल."

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. पेठेतले लोक तिला 'सिस्टर' म्हणत, आम्ही मुलं 'आत्या' म्हणत असू. दोन्हीचं मिळून 'सिस्टरआत्या' कधी झालं ते कुणालाच आठवत नाही. लग्न तिने केलं नाही. लांबच्या एका नातेवाईक बाईंनी एकदा जरा खोदूनच विचारलं, तेव्हा म्हणाली, "वेळेवर कुणी आलं नाही. आणि उशिरा येणाऱ्यांना मी थिएटरमध्येसुद्धा आत घेत नाही." बाईंनी पुढचा प्रश्न चहाबरोबर गिळला.

गुरुवार पेठेतलं आमचं घर माझ्या पणजोबांनी बांधलेलं. खाली दगडी जोतं, वर दोन मजले आणि रस्त्याच्या बाजूला लांब लाकडी गॅलरी. घर जुनं असलं तरी पडकं नव्हतं. आत्या असताना पडायची त्याची छाती नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी या घराची नाताळची सजावट सुरू होई आणि त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस, मग ते पुण्यात कुठेही राहत असो, सकाळी आठला हजर लागे. आई एकदा म्हणाली, "अक्का, नाताळला येतातच की सगळे." आत्या म्हणाली, "नाताळला पाहुणेही येतात. घरचे कोण ते तयारीला कळतं."

तयारी म्हणजे ऑपरेशनच. स्टीलच्या ट्रेमध्ये खिळे, हुक, टाचण्या, सुतळी, कात्री ओळीने मांडलेली. काम सुरू होण्याआधी ती सगळं मोजून पाटीवर लिही आणि संपल्यावर पुन्हा मोजे. "पोटात कात्री राहिली तर माणूस मरतो," ती सांगे, "आणि गालिच्यात टाचणी राहिली तर मीच मारते." एका वर्षी एक खिळा कमी भरला. जेवणं वाढून तयार होती, पण तिने कुणाला पाटावर बसू दिलं नाही. अर्धा तास आम्ही सगळे गुडघ्यांवर रांगत होतो. शेवटी खिळा बाबांच्या शर्टाच्या खिशात सापडला. तिने तो ट्रेमध्ये ठेवला, पाटीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "पेशंट वाचला. वाढा."

गॅलरीपुढे टांगायची चांदणी दर वर्षी घरीच व्हायची. बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या आणायच्या, त्यांचा सांगाडा सुतळीने आवळायचा आणि वर पतंगाचा कागद चिकटवायचा. खळ शिजवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात मी एक तयार, लुकलुकणारी प्लास्टिकची चांदणी आणली. तिने ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली. "छान आहे. तुझ्या ऑफिसात लाव." मी लावली. दोन दिवसांत तिचे निम्मे दिवे गेले, हे मी आत्याला कधीच सांगितलं नाही.

कडक होती, पण तिची माया अशाच कामांतून दिसे. नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीतला मातीचा मेंढपाळ एकदा माझ्या हातून पडून त्याचा हात मोडला. मी रडत होते. दुसऱ्या दिवशी ती इस्पितळातून येताना खरं प्लास्टर घेऊन आली आणि मेंढपाळाचा हात तिने बांधून दिला, गळ्यात झोळीसुद्धा अडकवली. "सहा आठवडे मेंढरं उचलायची नाहीत," असं त्याला बजावलं. तो मेंढपाळ आजही तसाच आहे, हात गळ्यात घेऊन येशूबाळाकडे बघत उभा.

मग घरात ते भांडण झालं.

माझे सुधीरकाका, म्हणजे आत्याचे नि बाबांचे धाकटे भाऊ, वाघोलीला फ्लॅट घेऊन राहायला गेले. जाताना आजोबांची पेटी घेऊन गेले. आजोबा त्या पेटीवर भक्तिगीतं बसवायचे, आणि काकांनाच घरात ती वाजवता येत होती. पण त्यांनी विचारलं नाही, हे खरं. बाबा फोनवर म्हणाले, "घर सोडलंस ते सोडलंस, निदान बापाचा आवाज तरी इथे ठेवायचास." काका म्हणाले, "तू कधी त्या पेटीवरचं फडकं तरी काढलंस का?" तिथे बोलणं तुटलं ते तुटलंच. तीन नाताळ काका आले नाहीत. काकू येऊन फराळाचा डबा देऊन जायची आणि दारातूनच परत फिरायची.

आत्या या तीन वर्षांत एक अक्षर बोलली नाही. मला त्याचा राग यायचा. मी एकदा म्हटलंसुद्धा, "तू थोरली ना? दोघांना समोर बसवून सांग की." ती कामटी तासत होती. "रूथ, सुजलेल्या जागेवर चाकू चालवत नाहीत. सूज उतरू दे."

चौथ्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तीनच दिवसांनी पहिला शनिवार. तिने स्वतः काकांना फोन लावला. मी शेजारीच होते. "सुधीर, मला शिडी चढता येत नाही, डोळ्याला पट्टी आहे. वर तुझा दादा चढेल. शिडी धरायला माणूस हवा. पोरीच्या हाताने ती धरवत नाही." पलीकडून काका काहीतरी म्हणाले. आत्या म्हणाली, "बोलायला कोण सांगतंय तुला? धरायला सांगतेय."

काका आले. आठ म्हणजे आठला. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही. बाबा चांदणी घेऊन शिडीवर चढले, काकांनी दोन्ही हातांनी शिडी धरली, आणि आत्या रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून बसली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. समोरचे जोशीकाका दारात येऊन म्हणाले, "दोघं मिळून एकशे तीस वर्षांचे आहात. जरा बेतानं." आणि तिथेच उभे राहिले, गंमत बघायला.

बाबांनी वरून विचारलं, "अक्का, सरळ आहे का?"

"मला काय विचारतोस? एक डोळा झाकलेला, दुसऱ्याला धुकं. खाली माणूस उभा आहे, त्याला विचार."

बाबांच्या हातात चांदणी हलत होती.

थोड्या वेळाने काका माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, डावीकडे घ्या."

मी तोंड उघडणार तोच आत्या कडाडली, "रूथ, आत जा. खळ करपतेय." खळ तासापूर्वीच उतरवली होती. पण मी आत गेले आणि खिडकीच्या गजांमागे उभी राहिले.

मिनिटभर काहीच झालं नाही. एक रिक्षा हॉर्न वाजवत शिडीला वळसा घालून गेली. बाबांचा हात भरून आला असणार, कारण चांदणी हळूहळू खाली यायला लागली.

"दादा," काका म्हणाले, "डावीकडे घे."

बाबांनी वरूनच विचारलं, "किती?"

"दोन बोटं."

बाबांनी दोन बोटं घेतली. "आता?"

"अजून अर्धं. बस. बांध." आणि मग लगेच, "अरे, गुडघा सांभाळ! मागे वजन टाकू नकोस."

बाबा खाली उतरले. शेवटच्या पायरीवर त्यांनी आधारासाठी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमिनीवर आल्यावरही तो काढला नाही. दोघंही वर चांदणीकडे बघत राहिले, एकमेकांकडे बघायला नको म्हणून. जोशीकाका म्हणाले, "झालं का? मग मी आत जातो," आणि गेले.

सोमवारी मी आत्याला तपासणीला घेऊन गेले. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. "सिस्टर, ही पट्टी अजून? दुसऱ्याच दिवशी काढायला सांगितली होती ना? आणि दुसरा डोळा तर तुमचा उत्तम आहे." रिक्षात बसल्यावर मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती बाहेर बघत म्हणाली, "काही पेशंटना भूल दिल्याशिवाय टाका घालता येत नाही."

पेटी काही परत आली नाही. ती वाघोलीलाच राहिली, पण दर रविवारी चर्च सुटल्यावर बाबा बसने तिकडे जायला लागले. काका वाजवायचे, बाबा बेसूर गायचे आणि संध्याकाळी तृप्त चेहऱ्याने घरी यायचे. आत्याने या गोष्टीचं श्रेय कधी घेतलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणे, "मी काय केलं? मला तर दिसतसुद्धा नव्हतं."

यानंतर आणखी दोन नाताळ तिला मिळाले. मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. रिपोर्ट आले ते तिने स्वतःच उघडले, वाचले, घडी घालून पाकिटात ठेवले आणि आम्हाला सांगितलं, "फार पळापळ करू नका. मला यातलं कळतं." ज्या इस्पितळात तिने नोकरी केली तिथेच ती दाखल झाली. तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्स आता तिथे वरिष्ठ झाल्या होत्या. त्या तिच्या खोलीत शिरण्यापूर्वी टोपी चाचपून घेत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "कागद आणलास का?"

"आत्या, तू बरी होऊन घरी ये, मग आणू."

तिने डोळे मिटले होते. "माझं काय ते माझं मी बघेन. नाताळ व्हायचाच आहे, रूथ. तो कुणासाठी थांबत नाही, हीच त्यातली चांगली गोष्ट आहे. लाल आण. मागच्या वर्षीचा पिवळा फिका वाटला."

चार दिवसांनी ती गेली.

दफन झालं. बाबा आणि काका कोरड्या डोळ्यांनी सगळं निभावत होते. घरी आल्यावर दोघांचं एकमत झालं: यंदा काही नको. घरात दुःख असताना दारावर सजावट बरी दिसत नाही, लोक काय म्हणतील. मी इस्पितळातलं तिचं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. मग काकांनी विचारलं, "लाल म्हणाली?" मी म्हटलं, "हो. लाल." काका उठले, चपला घातल्या आणि कागद आणायला गेले.

घर सजलं. रडत, एकमेकांवर चिडत, पण सजलं.

चोवीस तारखेला संध्याकाळी चर्चची मंडळी ढोलकी-झांजा घेऊन घरोघर नाताळची गाणी म्हणत येतात. त्या संध्याकाळी ढोलकीचा आवाज कोपऱ्यापर्यंत आला आणि थांबला. गॅलरीतून दिसत होतं: वीसेक माणसं आमचं घर ओलांडून, आवाज न करता, पुढे निघाली होती. बाबांनी ते पाहिलं. ते जिना उतरले, दोन्ही दारं उघडली आणि रस्त्यात जाऊन उभे राहिले.

"का हो? आमचं घर गाळलंत?"

पुढचा गृहस्थ ओशाळला. "तसं नाही, सर. घरात दुःख आहे, म्हणून म्हटलं..."

"दुःख आहेच," बाबा म्हणाले. "पण आम्हाला ऐकू येतं. म्हणा."

ते आत आले, पुढच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले आणि गायले. दुसऱ्या कडव्याला बाबांचा आवाज फुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते रडले, सगळ्यांसमोर, गाणं न थांबवता. काका त्यांना बिलगून गात होते. गाणं संपलं. मग बाबांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "रूथ, चहा टाक. सगळ्यांना."

कप कमी पडले. मी समोर जोशीकाकांकडे गेले. त्यांनी काही न विचारता बारा कपांचा ट्रे भरला आणि माझ्या हातात दिला.

"लगेच परत करते, काका."

"राहू देत तिकडेच," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीही येतीलच ना सगळे?"

"येतील," मी म्हटलं, आणि ट्रे सांभाळत रस्ता ओलांडला.