चाळीस नंबरचा बिल्ला

चष्मेकाकांना चमत्कारांचं भारी वेड. बस वेळेवर आली, चमत्कार. स्टोव्ह एका काडीत पेटला, चमत्कार. देश सोडून ते आणि त्यांची बायको, सगळ्यांची मावशी, या परमुलखातल्या मिशनमध्ये आले त्याला सोळा वर्षं झाली, पण काकांचा एकही रविवार बिनचमत्काराचा गेला नव्हता. उपासना संपली की ज्याला वाटेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, आठवड्यात देवानं काय केलं ते सांगायचं, अशी तिथली रीत. पाळकांनी "कुणी आहे का?" म्हणायच्या आत काका उभे. मागच्या बाकांवरचे लोक घड्याळ बघायचे, पण हसून बघायचे.

काकांचं काम मिशनच्या दवाखान्यात, व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. दान आलेले जुने चष्मे ट्रंका भरभरून यायचे. काका ते साबणाच्या पाण्यात धुवायचे, नंबर काढायचे, पुठ्ठ्याच्या खोक्यांत लावायचे आणि येईल त्याच्या नाकावर चढवून बघायचे. एका गवंड्यानं चष्मा लावला, खिडकीतून स्वतःच बांधलेली भिंत बघितली आणि म्हणाला, "अरेरे, वाकडी आहे की!" त्या रविवारी काकांनी साक्ष दिली ती पाव तास.

मावशी समोरच्या शिवणखोलीत. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन सगळे तिच्या हातचे. सगळा मुलूख काकांच्या स्टुलावर बसून गेला, ही कधी बसली नाही. "मला दिसतंय सगळं," म्हणायची, "तुमच्यासकट." गेली दोन वर्षं काकांच्या शर्टाला एक बटण पांढरं, दोन तपकिरी आणि गळ्याशी एक निळं असायचं. काका कौतुकानं सांगत फिरायचे, "आमच्या हिची काटकसर!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वर्षातून एकदा डोळ्यांचे मोठे डॉक्टर तीन दिवसांसाठी यायचे. सोबत चाळीस भिंगं, म्हणजे मोतीबिंदूची चाळीस ऑपरेशनं. त्यासाठी पत्र्याचे चाळीस बिल्ले होते. एकोणचाळीस काका रांगेत वाटायचे. चाळीस नंबरचा मिशनच्या माणसांसाठी राखलेला. तो कुणाला द्यायचा हे मोठ्या सिस्टर डोळे तपासून ठरवायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत. आणि गेली दोन वर्षं काय घडावं? काकांचे बिल्ले संपायचे, दारात एखादी बिचारी उभी राहायची, आणि काका हळहळत मागे वळायचे तर टेबलावर चाळीस नंबर! कुणी ठेवला, का ठेवला, काकांनी विचारलं नाही. चमत्काराची चौकशी करू नये असं त्यांचं ठाम मत. दोन्ही वर्षं त्यांनी त्याचीच साक्ष दिली होती.

यंदाही एकोणचाळीस संपले. दारात एक म्हातारी राहिली, डोंगरापलीकडून दोन दिवस चालत आलेली. काका खोलीच्या कोपऱ्यात ट्रंकेवर वाकून उगाच काहीतरी शोधत होते. तिला नाही म्हणायचा धीर होईना. तेवढ्यात मावशी आत आली.

भर दुपारचं लख्ख ऊन खोलीत पडलेलं. काका तिच्यापासून दोन पावलांवर. ती त्यांच्याकडे बघून हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही. तिनं टेबलाची कड चाचपली, बोटांनी पुढे पुढे गेली आणि मुठीतलं काहीतरी बशीत ठेवावं तसं हळूच ठेवलं. ते काकांच्या चहाच्या कपात पडलं. डुबुक!

काकांनी कपात बोटं घातली. चाळीस नंबर.

"अगं..."

मावशी दचकली. "तुम्ही इथंच?"

"तुला मी दिसलो नाही?"

तिनं मान हलवली, नाही. सगळ्या जगाचे डोळे तपासणारा माणूस, आणि घरात हे!

"कधीपासून?"

"तिसरं वर्ष. आधी एकच डोळा होता, आता दुसराही. शिवते मी हातांच्या सवयीनं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही रविवारी इतक्या आनंदानं सांगत होता. कसं मोडायचं ते? शिवाय दारातल्या त्या बायका एकट्यादुकट्या असतात हो. मला तुम्ही आहात."

"सिस्टर काय म्हणाल्या?"

मावशी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "यंदा मोतीबिंदू नाही काढला तर पुढे अवघड आहे, म्हणाल्या. म्हणू देत. ती म्हातारी उभी आहे बाहेर. द्या तो तिला."

काकांनी बिल्ला शर्टाला पुसला आणि मावशीच्या हातात ठेवून तिची मूठ दोन्ही हातांनी मिटली. "यंदा नाही," ते म्हणाले. मावशी चिडली, रडली, अबोला धरते म्हणाली. काकांनी मूठ सोडली नाही.

मग ते दारात गेले. म्हातारीला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं खरं सांगितलं. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं आकडा कोरून पुढच्या वर्षीचा एक नंबरचा बिल्ला आत्ताच तिच्या तळहातावर ठेवला. ती त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"एक? म्हणजे माझ्या पुढे कुणी नाही?"

"कुणी नाही, आजी."

"बरं. मग वर्षभर जगायला हवं," असं म्हणून ती काठी टेकत उठली. काका तिला फाटकापर्यंत सोडून आले.

रविवारी पाळकांनी दोनदा विचारलं तेव्हा काका उठले.

"यंदा चमत्कार झाला नाही," ते म्हणाले. "एका म्हातारीला मी आंधळी परत पाठवलं. तिच्यासाठी प्रार्थना करा, माझ्यासाठीही करा. आणि मागची दोन वर्षं जो चमत्कार मी तुम्हाला सांगत होतो, तो तिसऱ्या बाकावर डोळ्याला पट्टी बांधून बसलाय." एवढं बोलून ते खाली बसले. त्या दिवशी कुणी घड्याळ बघितलं नाही.

सोमवारी सिस्टरांनी पट्टी काढली. मावशीनं डोळे मिचकावले, खिडकीकडे बघितलं, मग समोर उभ्या नवऱ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं.

"अगंबाई! पांढरं, तपकिरी, निळं... अहो, हा शर्ट घालून साक्षीला उभे राहिलात?"

"दोन वर्षं."

"आणि मला कुणी बोललं नाही? काढा आधी. कात्री कुठंय माझी?"

काकांनी गळ्याशी हात नेला आणि निळं बटण घट्ट धरून ठेवलं. तो शर्ट त्यांनी तिला काही दिला नाही.