चार दिवसांचं पाणी, गॅस आणि करंट

माझा नवरा ट्रेलर बनवतोय हे बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत कळलं, तेव्हा शेजारच्या आप्पांनी त्याला विचारलं, "मग अण्णा, ऊस कुठल्या कारखान्याला घालणार?" आमच्याकडे बेळगावपासून निपाणीपर्यंत ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरमागचा, उसाचा. यात माणसं झोपणार, स्वयंपाक करणार, दिवा लावणार, हे लोकांना पटवता पटवता नवऱ्याच्या तोंडाला फेस आला. मी त्या फंदात पडले नाही, कारण तोवर मलाच ते पटलं नव्हतं.

आमचे चार पॉवरलूम आहेत. मागांची दुरुस्ती स्वतःच करून नवऱ्याचा हात लोखंडावर चांगला बसलाय. उद्यमबागेतल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये रविवार-रविवार जाऊन वर्षभरात त्याने ती चाकांवरची खोली उभी केली. पसरली की पलंग होतील अशी दोन बाकं, कोपऱ्यात कमोड, एक शेगडी आणि तिच्याखाली पाच किलोचा सिलिंडर. खाली ऐंशी लिटर पाण्याची टाकी, टपावर सोलरची पाटी आणि बाकाखाली बॅटरी व इन्व्हर्टर. आमच्या जुन्या जीपला हे सगळं हुकाने जोडायचं आणि ओढत न्यायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस नव्हती. हे सगळं सासूबाईंसाठी चाललं होतं.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चाळीस वर्षं मागाच्या शेडमध्ये बसून कांड्यांवर सूत भरलं. सुताची कूस, म्हणजे उडणारे बारीक तंतू, छातीत जाऊन बसली आणि दमा लागला. आता दिवसातून तीन वेळा तोंडाला मास्क लावून दहा-दहा मिनिटं औषधाची वाफ घ्यावी लागते. तोंडात मारायचा छोटा पंप त्यांना कधी जमलाच नाही; दाबायचं कधी आणि ओढायचं कधी, यात निम्मं औषध हवेत जातं. म्हणून नेब्युलायझर. आई त्याला 'माझं मशीन' म्हणतात. मशीनला करंट लागतो, आणि करंटची खात्री नाही तिथे जायचं आईंनी सोडूनच दिलं.

त्यांची एकुलती एक धाकटी बहीण जांबोटीच्या पुढे एका वाडीवर राहते. तिथे झाड पडून तार तुटली की दोन-दोन दिवस अंधार. मावशींचे गुडघे गेलेले, त्यामुळे बसची पायरी त्यांना चढवत नाही. नऊ वर्षं या दोघी बहिणी फोनवर ओरडून एकमेकींना भेटत होत्या. सकाळी नेऊन संध्याकाळी आईंना परत आणणं अवघड नव्हतं, पण मावशींनी बजावलं होतं, "तोंड दावून जाणार असशील तर येऊच नगंस आक्का. चार दिवस ऱ्हायाला ये." आणि आईंनाही तेच हवं होतं. बहिणीजवळ चार दिवस, पुरे चार. डॉक्टरांनी मशीन चालू राहील या अटीवर परवानगी दिली आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निघालो.

मी कॅम्पातल्या एका शाळेत गणित शिकवते. त्यामुळे पाणी, गॅस आणि बॅटरीचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी एक तक्ता करून ट्रेलरच्या दाराला आतून चिकटवला. माणशी रोज सहा लिटर पाणी. तिघांचे चार दिवसांत बहात्तर, आठ लिटर हाताशी. बॅटरी आधी मशीनला, मग एका दिव्याला, पंखा फक्त दुपारी. मोबाईल जीपमध्येच चार्ज करायचे. गॅसच्या रकान्यात मी नुसतं 'भरपूर' असं लिहिलं. आमच्या वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मावशींच्या अंगणात फणसाचं दांडगं झाड आहे. आईंना ऊन नको म्हणून नवऱ्याने ट्रेलर बरोबर त्याच्या सावलीत लावला. सोलरची पाटी टपावर आहे, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. बहिणी एकमेकींना धरून एवढ्या रडल्या की आम्हीच डोळे पुसत बाजूला झालो.

दुपारी वाडीतल्या सात-आठ बायका ट्रेलर बघायला आल्या. त्यांनी कमोड पाहिला, शेगडी पाहिली, पलंग दाबून पाहिला. आईंनी चहाच्या पातेल्याला हात घातला तशी मी त्यांना खुणेने थांबवलं. "पाणी मोजकं आहे, आई." बायका थोडा वेळ थांबल्या, "येतो मग" म्हणाल्या आणि गेल्या. आईंचा चेहरा उतरला. "दारात आलेल्या बायका बिनचहाच्या गेल्या गं," एवढंच त्या म्हणाल्या. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. माझा हेका म्हणजे हेका.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला नळ सोडला, तर पंप नुसताच घरघरला. बाहेर येऊन पाहते तो ट्रेलरखालची माती ओलीचिंब. कोंबड्या त्या चिखलात पाय बुडवून उभ्या होत्या. टाकीच्या तळाची तोटी सताड उघडी होती.

"टाकी कुणी सोडली?"

"मी," आई अगदी सहज म्हणाल्या. "रातभरचं शिळं पानी कोण पितंय गं? वतून टाकलं. तू उटायच्या आत म्हटलं काम उरकावं. आता नवं भरा की."

मला सून होऊन सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी कधी प्यायलं गेलेलं नाही. उजाडलं की घागर पालथी करायची, घासायची आणि ताजं पाणी भरायचं. गल्लीतल्या साऱ्याच घरांत असंच चालतं आणि मीही रोज हेच करते. नवऱ्याने आदल्या दिवशी कौतुकाने आईंना प्रत्येक तोटी दाखवली होती. त्यांनी ती ध्यानात ठेवली आणि माझंच काम हलकं केलं. हे सगळं मला आता कळतंय. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. वाडीच्या विहिरीने मे महिन्यात तळ गाठला होता. बायका अर्धी-अर्धी घागर ओढत होत्या, आणि आम्ही जवळजवळ सत्तर लिटर पाणी कोंबड्यांच्या पायावर सोडलं होतं.

"तुम्हाला घेऊन कुठं जायची सोयच नाही!" मी ओरडले.

शब्द तोंडातून सुटला आणि मला कळलं की हा फार आत लागला. नऊ वर्षं आई स्वतःला नेमकं हेच सांगत आल्या होत्या. त्या पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "मग चला घराकडं. माझ्यापायी तुमाला कशाला तरास?" मावशींनी त्यांना हाताला धरून आत नेलं. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की माफी मागायचं धैर्य मी तिथेच गमावलं.

तो कामाला लागला. अंगणाच्या खाली ओढ्यात एका डोहात पाणी होतं. त्याने ट्रेलरच्या नळाचा पंप काढून डोहात सोडला, वायर बॅटरीला लावली आणि पाइप वर टाकीपर्यंत आणला. पंप नाजूक, चढ मोठा. टाकी भरायला दुपार झाली. टाकी भरली, पण बॅटरी उतरली. वर फणसाची सावली आणि घरचा करंट येऊन-जाऊन, त्यामुळे ती पुन्हा चढेना. तिसऱ्या दिवशी सकाळी आईंची वाफ कशीबशी पुरी झाली आणि इन्व्हर्टर टूं-टूं करून ओरडायला लागला.

"जीप जोडून भरतो अर्ध्या तासात," नवरा म्हणाला. तेवढ्यात शेगडी विझली.

गॅस संपला होता. मी घरातून उचलून आणलेला सिलिंडर दिवाळीच्या फराळाला वापरलेला होता. मी तो हलवूनसुद्धा बघितला नव्हता. दुसऱ्याची चूक दिसायला मला एक ओलं अंगण पुरलं. स्वतःची मी दोन दिवस शेगडीखाली घेऊन बसले होते. कुणी मला काही बोललं नाही, हेच जास्त लागलं. नवरा म्हणाला, आधी खानापूरला जाऊन सिलिंडर घेऊन येतो, आल्यावर जीप लावून बॅटरी भरू. आईंची पुढची वाफ दुपारची आहे. आणि तो जीप घेऊन गेला.

तोवर भाकरी तरी व्हाव्यात म्हणून मी मावशींच्या चुलीपुढे बसले. चुलीची सवय सुटलेली, लाकूड अर्धं ओलं. धूर पडवीभर झाला, आणि पडवीत आई बसल्या होत्या. आधी खोकला, मग धाप, मग ती शिट्टीसारखी वाजणारी छाती. तोंडात मारायचा पंप दिला, औषध नेहमीप्रमाणे हवेत गेलं. मी आणि मावशींनी त्यांना धरून ट्रेलरपाशी नेलं, मी आत बसवून मास्क लावला, बटण दाबलं. इन्व्हर्टर एकदाच ओरडला आणि लाल दिवा लावून बंद पडला. घरात बघितलं तर करंट पहाटेपासूनच नव्हता. जीप खानापुरात. नवऱ्याला फोन लावला, रेंज नाही.

मी वर पाहिलं. पानांतून एक-दोन कवडसे पडत होते, आणि पलीकडे मावशींचं खळं ऊन पिऊन पांढरं पडलं होतं.

"मावशी, हा गाडा उन्हात न्यायला पाहिजे!"

मावशी अंगणाच्या टोकाशी गेल्या आणि त्यांनी अशी हाक मारली की मला वाटतं जांबोटीपर्यंत गेली असेल. "या गं समद्या! आक्काला दम लागलाय!"

परड्यात पावसाळ्याची लाकडं रचणाऱ्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. परवा माझ्या दारातून बिनचहाच्या गेलेल्या त्याच. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं छोटं चाक खाली सोडलं की तो ढकलता येतो, हे नवऱ्याने मला दहादा सांगितलं होतं. मी दहाही वेळा हूं म्हटलं होतं. ते चाक कसंबसं सोडलं, मागच्या चाकांखालचे दगड काढले. "बाई, तुमी आक्कास्नी बघा, आमी हाय न्हवं," एकजण म्हणाली. मावशी, ज्यांना बसची पायरी चढवत नाही त्या मावशी, ट्रेलरच्या दोन पायऱ्या चढून आत आईंना धरून बसल्या. आठ बायकांनी त्या दोन बहिणींसकट ट्रेलर ढकलत खळ्यावर आणला. एकजण खळ्याकडेच्या दगडी धक्क्यावरून टपावर चढली आणि पाटीवरची पानं पदराने झाडून आली.

मी बटण दाबलं. लाल दिवा. थांबले. आईंची मान मावशींच्या खांद्यावर होती आणि मावशी त्यांच्या पाठीवरून सारखा हात फिरवत होत्या. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. त्या मिनिटांना मी आयुष्यात विसरणार नाही. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला, मशीन घरघरलं आणि मास्कमधून वाफ आली.

सात-आठ मिनिटांत आईंच्या छातीतली शिट्टी हळू झाली. मी त्यांच्या पायाशी खाली बसले. "आई, पाण्यावरून मी बोलले ते चुकलं. फार चुकलं. तुम्ही माझंच काम करायला गेला होता." मास्कमुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हाताने 'गप बस' अशी खूण केली आणि तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. मला रडू आवरलं नाही. रडता रडताच मी बाहेर डोकावून बायकांना म्हटलं, "बसा सगळ्या, चहा करते."

"कशावर, बाई?" एकीने विचारलं, आणि सगळं खळं हसलं. आईसुद्धा मास्कमध्ये हसल्या.

तासाभराने नवरा सिलिंडर घेऊन आला. ट्रेलर उन्हात, भोवती बायकांचा घोळका हे पाहून तो धावतच आला. मी झालं ते सांगितलं. त्याचा रंगच उडाला. आईंजवळ जाऊन म्हणाला, "पुरे झालं, आई. आवरा. आत्ता निघूया." जीप मागे घेऊन त्याने हूक लावायलाही घेतला. मग माझ्याकडे बघितलं. घरात सावधगिरीची बाजू नेहमी माझी असते. मीही तेच म्हणणार अशी त्याची खात्री होती.

मी म्हटलं, "त्यांना विचार."

आई बाकावर मावशींना टेकून बसल्या होत्या. मास्क काढून हातात धरला होता. आवाज बारीक होता, पण धाप नव्हती.

"चार दिवस म्हणून आलतो," त्या म्हणाल्या. "अजून तीन बी पुरं झालं न्हाईत."

"आणि पुन्हा दम लागला तर?"

"घरात बी लागतोयच की रं. लई येळा लागलाय." त्यांनी मावशींचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "पर तितं धराया ही नसती."

नवऱ्याने वाकून हूक सोडवला.