रकाना नसलेली चाचणी

सीमा साळवेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या टेबलावर टाईप केलेला अहवाल पडला होता : 'अपघाताचे कारण, चालकाची चूक.' तिनं सही केली की केंद्राचे जुने चालक गहिनीनाथभाऊ यांची नोकरी गेलीच!

सीमा राहात्याची. आईबापानं वीटभट्टीवर राबून तिला शिकवलं. शहाण्णव साली ती नगरच्या त्रिविक्रम चाचणी केंद्रात होती. धूळ, चिखल, ऊन, खड्डे यांपुढं लष्करी गाडी किती टिकते, ते मोजणं हे तिचं काम. नव्या गाडीचं इंजिन मात्र कॉम्प्युटरच्या हुकमावर चालायचं, आणि त्याचा प्रोग्रॅम चाचणीखोलीतल्या कॉम्प्युटरवरून फ्लॉपीनं गाडीत चढवायचा.

खंडेनवमीला केंद्रात गाड्यांची, अवजारांची पूजा झाली. घरची मंडळीही आली. मॅनेजर काकासाहेबांचा मेव्हणा खिशात गेमची फ्लॉपी घेऊन आला आणि हळदकुंकू लावलेल्या त्याच कॉम्प्युटरवर तासभर पत्ते खेळत बसला. साहेबांचा मेव्हणा, त्याला कोण हटकणार? त्या फ्लॉपीतून व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरला आणि तिथून गाडीच्या प्रोग्रॅमच्या फ्लॉपीत. दसऱ्यानंतर गहिनीनाथभाऊंनी गाडी चढावर घातली, तर मध्येच इंजिन बंद, त्याच्याच जोरावर चालणारे ब्रेक लागेनात, गाडी मागं घरंगळली. भाऊंचा हात मोडला, आणि वर खापरही त्यांच्याच डोक्यावर!

सीमानं दोन दिवस सपाट मैदानावर गाडी तपासली. व्हायरसवाल्या फ्लॉपीनं तीनदा, तिन्ही वेळा चौथ्या मिनिटाला इंजिन बंद. स्वच्छ फ्लॉपीनं तासभर कुरकूर नाही.

"फॉर्ममध्ये व्हायरसचा रकाना नाही, सीमाबाई," काकासाहेब म्हणाले. "सही करा."

"रकाना न्हाई म्हणून व्हायरस न्हाई व्हय? भाऊंची बावीस वर्षं मातीत घालताय, लाज कशी वाटत न्हाई? चला चढावर!"

तिचा आवाज ऐकून सगळे चालक बाहेर आले. सीमानं गाडीचं दार उघडलं.

"चूक चालकाची ना? मग गाडी धडधाकट हाय. तीच फ्लॉपी चढवलीय. बसा साहेब, न्या वर."

काकासाहेबांनी चढाकडं पाहिलं, रुमालानं मान पुसली. "मला मीटिंग आहे," ते पुटपुटले.

सीमानं टाईप केलेली ओळ काट मारून खोडली आणि खाली लिहिलं : 'व्हायरस असलेली गाडी चढावर नेण्यास मॅनेजरांनी स्वतः नकार दिला.' हा कागद थेट लष्कराकडं जाणार होता.

साहेबांचा चेहरा पडला. "भाऊंवर कारवाई करत नाही. तेवढी ओळ खोडा."

"कारवाई तर करायचीच न्हाई," सीमा कडाडली. "पन ओळ ऱ्हाईल. उद्या या गाडीत कुनाची तरी पोरं बसनार हायेत."