निमुळत्या बुडाचा रांजण

पुण्याच्या एका संग्रहालयात प्राचीन संस्कृतींच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, म्हणून मी आईला घेऊन गेले. ममीच्या पेटीपुढे तिने हात जोडले, तेव्हा मी तिला भरपूर चिडवलं. पुढचं दालन रोमचं. तिथे काचेआड एक मातीचा रांजण होता: दोन कानांचा, लांब मानेचा, खाली गाजरासारखा निमुळता. हुबेहूब असाच रांजण आम्ही फोडला होता.

मी सहावीत असताना जुन्नरजवळच्या आमच्या रानात पाइपलाइनची चारी खणताना तो निघाला. तोंड बुजवलेलं, आत काळी भुकटी. त्याच आठवड्यात आमची गाय मेली होती, आणि तेवढं आम्हाला पुरेसं होतं. बांधापलीकडे भावकीतल्या काकूचं रान. तिनेच करणी करून पुरला, असं आईने जाहीर करून टाकलं. वडिलांनी लिंबू कापलं, मीठ टाकलं, पहारीने रांजणाचे तुकडे केले आणि नदीत सोडले. काकूने पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. असल्या बायकांना शपथ लागत नाही, म्हणाली आई. मी तर आणखीच शहाणी. शाळाभर सांगत सुटले. काकूची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिच्याशेजारी वर्षभर कुणी बसलं नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

काचेखाली लिहिलं होतं की असे रांजण दोन हजार वर्षांपूर्वी दारू आणि तेल भरून जहाजाने येत, आणि नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात पोचत. मी दोनदा वाचलं, मोबाइलवर फोटो काढला. मग आईला वाचून दाखवलं.

"मंग तिनं न्हाई पुरला," एवढंच ती म्हणाली.

एसटीतून उतरली ती थेट काकूच्या दारात, वीस वर्षांत पहिल्यांदा. काकू ओट्यावर कांदे निवडत बसली होती. आईने माझा मोबाइल तिच्यापुढे धरला. सगळं सांगितलं मात्र मीच, रोम, जहाज, घाट, आणि तेही असल्या तोऱ्यात की जणू पुरावा आणून आम्ही तिच्यावर उपकारच करत होतो.

काकूने फोटोकडे पाहिलंच नाही.

"मला कशाला दाखवती? मी न्हाई पुरला, हे मला तवाच ठावं व्हतं. माझ्या पोरीला दाखव."

तिचा नंबर मागायची माझी हिंमत झाली नाही.