म्हाताऱ्यांचं पाणी

यांग बोरमला पाण्यात दम नव्हता. मी तिची निंदा करत नाहीये, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी तिने आमच्याबरोबर एक उन्हाळा बुड्या मारून पाहिल्या. दोन पुरुष खोल गेली की कान धरून वर यायची. ऑगस्टमध्ये एकदा कानातून रक्त आलं, तेव्हा मीच तिला बाहेर ओढलं आणि म्हटलं, "पोरी, घरी जा. समुद्र कुठे पळून जात नाही, पण तुझा कान जाईल." ती रडली नाही. माझ्याकडे असं बघितलं, जणू कान मीच फोडला होता.

रागीट पोर. जेजू बेटावरच्या आमच्या किनाऱ्यावर रागीट बायकांना तोटा नाही, आणि त्यांत पहिली मी. चाळीस वर्षं बुड्या मारतेय, दहा वर्षं इथल्या पाणबुड्या बायकांच्या संघाची प्रमुख आहे. माझी जीभ ज्याला तिखट लागते त्याने गोड बोलणाऱ्यांकडून शंख विकत घ्यावेत.

बोरम शहरात गेली, शिकली आणि कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटली. तिचं काम काय, तर खेळातलं जग रचायचं. तिथे कोण राहतं, काय खातं, कशावरून भांडतं, मेल्यावर काय करतं.

"आणि याचा पगार देतात?" मी विचारलं.

"देतात, समछुन." आमच्याकडे गावातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला समछुनच म्हणतात, बाई असो की बाप्या.

तीन वर्षांपूर्वी ती वही घेऊन आमच्या शेकोटीच्या खोलीत आली. पाण्यातून वर आलो की आम्ही तिथे पाठ शेकत बसतो. म्हणाली, नव्या खेळासाठी समुद्रात राहणारे लोक हवेत. माणसं नकोत. माणसांच्या जवळचे, पण माणसं नव्हेत. कंपनीने एक चित्रही दिलं होतं. कमरेखाली शेपूट, कमरेवर काहीच नाही, आणि केस असे की आताच कुणीतरी विंचरून दिलेत.

ते चित्र पहिल्यांदा मालसून समछुनच्या हातात गेलं. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या, आमच्यात सगळ्यांत मोठ्या. त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"शेपूट? मग ही बया खडकावर चढते कशी? आणि हिला थंडी वाजत नाही? जानेवारीत एकदा सोडा म्हणावं आमच्याकडे, लाज आपोआप झाकेल."

आम्ही पोट धरून हसलो. बोरमने चित्र फाडून शेकोटीत टाकलं आणि वही उघडली. "मग तुम्हीच सांगा," म्हणाली.

दोन हिवाळे ती येत राहिली. त्या लोकांचं नाव तिने ठेवलं नौल. लांबून उठून येणाऱ्या मोठ्या लाटेला आम्ही जे म्हणतो, त्यावरून. नौलांना सहा बोटं, कारण एका बोटाने कायम खडक धरलेला असतो. त्यांना खोटं बोलता येत नाही, बोलले की गळ्याचा रंग बदलतो. त्यावर मालसून समछुन म्हणाल्या, "मग लग्नं कशी जुळतात गं त्यांची?" पण मला सगळ्यांत आवडलं ते वेगळंच. नौल जन्मतात खोल अंधाऱ्या पाण्यात, आणि वय वाढेल तसे वर सरकतात. पाठीवर शिंपले चढत जातात, श्वास आखूड होत जातो. सगळ्यांत म्हातारे राहतात कमरेभर पाण्यात, उन्हाला पाठ देऊन.

हे तिने कुठून आणलं ते सांगायला नको. आमच्या खडकांच्या रांगेच्या आत कमरेभर पाण्याचा एक पट्टा आहे. तिथलं शेवाळ, तिथले शंख, सगळं ज्यांना आता खोल जाता येत नाही त्या म्हाताऱ्यांचं. तरण्या बायका तिथे उतरत नाहीत. ठराव नाही, दंड नाही. उतरत नाहीत, एवढंच. मालसून समछुन अजूनही तिथेच काम करतात.

बोरमने चारशे पानं लिहिली. मला वाचून दाखवायची. नौल नखं कशी कापतात, हेसुद्धा होतं त्यात. मी कधी तोंडावर म्हटलं नाही, पण मला अभिमान वाटत होता. पोरीला पाण्यात जमलं नाही, ते तिने कागदावर करून दाखवलं.

गेल्या ऑक्टोबरात कंपनी खेळ दाखवायला गावात आली. जाहिरातीत त्यांना आमचे फोटो हवे होते, गावाचं नाव हवं होतं. सभागृहात भला मोठा पडदा लावला. आम्ही काळे रबरी पोशाख घालून पहिल्या रांगेत, लग्नातल्या वऱ्हाडासारख्या. बोरमचे साहेब मिन म्हणून होते, सोलचे, बोलायला मऊ. त्यांनी एका कामगाराला खेळायला बसवलं.

पडद्यावर समुद्र आला. खरंच सुरेख होता, खोटं कशाला बोलू. खेळणारा म्हणजे जमिनीवरून आलेला एक शिकारी, हातात भाला. तो कमरेभर पाण्यात उतरला. समोर एक म्हातारी नौल पाठीला ऊन देत बसली होती. त्याने भाला मारला. पाठीवरचे शिंपले फुटले, ती आडवी झाली, आणि तिच्या डोक्यावर आकडा उमटला: तीन गुण. मग दुसरी. मग तिसरी. त्यांतलं कुणी उलट हात उचलत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आग लागो माझ्या हातांना. सगळे वाजवत होते म्हणून.

मालसून समछुनने माझ्या मांडीवर हात ठेवला. "ए जंगसुक," त्यांनी विचारलं, "तिने काय केलं होतं त्याचं?"

मी बोरमला शोधलं. ती भिंतीशी उभी होती, चेहरा कागदासारखा. तिलाही हे आजच कळत होतं.

बाहेर पायऱ्यांवर तिने मिनसाहेबांना गाठलं. मी मागेच होते.

"ते म्हातारे तिथे मारायला ठेवलेत?"

"यांगबाई, नवा खेळाडू कच्चा असतो. त्याला सुरुवातीला सोपं सावज लागतं. उथळ पाण्यात म्हातारे राहतात, हे तुम्हीच लिहिलंत. ते उलट मारत नाहीत, हेही तुमचंच. आम्ही तुमच्या शब्दाबाहेर कुठे गेलो?"

"मारायचं असं मी कुठे लिहिलंय?"

"मारायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

चारशे पानांत ते नव्हतं. नखं होती, लग्नं होती, रडण्याचे सात प्रकार होते, पण म्हाताऱ्यांच्या पाण्यात कुणी जात नाही ही एक ओळ नव्हती. कारण ती आमची पोर. शेजारच्याच्या ताटात थुंकू नये, असं कुणी लिहून ठेवतं का? हे लिहायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही आलं नसतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या माणसाला म्हटलं, "तुझ्या आईला कुठल्या पाण्यात ठेवलंयस रे?" तो वाकून नमस्कार करून गाडीत बसला.

त्यानंतर तीन आठवडे बोरम कंपनीत भांडली. तिला एकच हवं होतं. त्या म्हाताऱ्यांना कुणाचा भाला लागता कामा नये. नवीन पानं लिहिली, वरच्या साहेबांना भेटली, जेवण सोडलं, वजन उतरलं. मी तिला फोनवर म्हटलं, "घाबरू नकोस. गावाचं नाव वापरायचं तर संघाचा शिक्का लागतो, आणि शिक्का माझ्याकडे आहे. ते थांबत नाहीत तोवर उठत नाही." मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

नोव्हेंबरात मिनसाहेब परत आले. सभागृहात आम्ही सगळ्या, बोरमही. ते हसतमुख. "तुमच्या भावना पोचल्या," म्हणाले. "आता उथळ पाण्यात कुणालाही मारत नाहीत. म्हातारे काढून टाकलेत. तिथे खेकडे ठेवलेत. निळे." पडद्यावर खेकडे दाखवले. भाल्याने उलटे होत होते, तीन-तीन गुण देत होते. "आता काही हरकत?"

"खेकड्यांना कसली हरकत?" मी म्हटलं. "आम्हीही मारतोच." बायका हसल्या. माझ्या छातीवरचा दगड उतरला. जिंकलो, असं वाटलं. मी पिशवीतून शिक्का काढला, शाई ओलावायला त्यावर फुंकर मारली आणि त्यांच्या परवानगीच्या कागदावर उठवला.

बोरम उभी राहिली. "म्हातारे कुठे गेले?"

"गेले म्हणजे? खेळात नाहीत."

"मग नौल म्हातारे झाले की काय होतं?"

मिनसाहेबांनी खांदे उडवले. "खेळाडूला ते कळायची गरज नाही. सगळे तरुणच दिसतात. छान दिसतात."

ती माझ्याकडे वळली. ओरडली असती तर परवडलं असतं. "समछुन," म्हणाली, "मारत होते तेव्हा निदान ते होते तरी."

मी कागदाकडे हात नेला. मिनसाहेबांनी तो दोन्ही हातांनी, अदबीने, आधीच घडी करून आतल्या खिशात ठेवला होता. "द्या तो इकडे," मी म्हटलं. "आता नाही देता येत," ते म्हणाले. चाळीस वर्षांत ऑक्टोपस माझ्या हातून निसटला नाही, आणि हा निसटला. दोष कुणाला देऊ? फुंकर मीच मारली होती.

बोरमने नोकरी सोडली. नौल मात्र कंपनीचेच राहिले. करारात तसंच आहे. तिच्या लोकांबद्दल आता तिला एक ओळही कुठे छापता येत नाही. "निदान खेळातून माझं नाव तरी काढा," असं तिने सांगितलं, तर तेही नाही. तिचं नावसुद्धा त्यांचंच. खेळ खूप चालतोय म्हणे. लाखो लोक खेळतात, आणि त्यांतल्या एकानेही विचारलेलं नाही, की या लोकांच्यात कुणी म्हातारं कसं होत नाही.

मार्चमध्ये ती गावात राहायला आली. आमचा माल तोलून देते, नोंदी ठेवते. एका सकाळी ओहोटीला आम्ही किनाऱ्यावर पोचलो, तर ती उथळ पाण्याच्या तोंडाशी एक खांब रोवत होती. शेजारी रंगवलेली पाटी.

मालसून समछुनना वाचता येत नाही. "काय लिहिलंय गं?" त्यांनी मला विचारलं.

मी वाचलं. "हे पाणी म्हाताऱ्यांचं आहे. सत्तरीच्या आतल्या कुणीही इथे उतरू नये."

त्यांनी हातातली जाळी खाली टाकली. "कोण उतरलं? नाव सांग."

"कुणी नाही, समछुन," बोरम म्हणाली.

"मग?"

"उतरतील."

"माझ्या सासूच्या सासूपासून कुणी उतरलं नाही! कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही! आणि तू लिहितेस? आता लोक वाचतील, आणि त्यांना कळेल की इथे उतरता येतं. काढ ते!"

"नाही लिहिलं तर काय होतं ते मी पाहिलंय," बोरम म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुम्हीही पाहिलंय. पहिल्या रांगेत बसून."

"ते तुझ्या त्या पडद्यावरचे लोक. हे माझं गाव आहे!"

मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. प्रमुख मी ना. मालसून समछुनचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पाटी लागली म्हणजे आमचं काहीतरी कायमचं गेलं. पण ज्या गावात माझ्यासारखी बाई हसत हसत शिक्का उठवते, त्या गावाच्या मनात असं कधी येणारच नाही, यावर आता माझा विश्वास उरला नव्हता.

मी बोरमच्या हातातून हातोडा घेतला आणि चारही खिळे ठोकले.

मालसून समछुन अजून रोज तिथेच उतरतात, पाटीकडे पाठ करून. माझ्याशी बोलत नाहीत.