उलटं करून पाहणाऱ्या ठवकर मॅडम

ठवकर मॅडमच्या हातात कुठलीही वस्तू आली की त्या आधी ती उलटी करून पाहायच्या. टॉर्च, कपबशी, पंगतीतलं ताट, काहीही. एका लग्नात त्यांनी कुंकवाचा करंडा उलटा केला आणि सगळं कुंकू व्याह्यांच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं. "कुठं बनला ते पाहून राहिली होती गा," मॅडम म्हणाल्या. "शुभच झालं!"

राहायच्या नागपूरच्या प्रतापनगरात, पण माहेर जवळच्या कुहीचं, धान पिकवणारं. आमच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी धानाची ओल मोजणारं यंत्र तयार केलं. मूठभर धान वाटीत टाकायचं, झाकण दाबायचं की आकडा समोर. "व्यापारी दातानं दाणा फोडते अन् म्हणते, ओला हाय, भाव कमी. आता त्याच्या दाताले सुट्टी!"

सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची वस्तू देशातच तयार झाली पाहिजे, अशी अनुदानाची अट होती. इथे बनवणारा कोणीच नसेल, तरच सूट. परवाना घेतलेल्या कंपनीला यंत्र परदेशातून बनवून आणायचं होतं, आणि इथे कोणी बनवू शकतं का, याची चौकशी करायचं काम माझ्याकडे. बैठकीत मी म्हणालो, "इथे कोणाला जमेल असं दिसत नाही."

मॅडमनी चष्मा कपाळावर नेला. "कोणाकोणाले विचारलं गा, विलास?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. विचारलं कोणालाच नव्हतं. त्याचं कारण इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, आज लिहून टाकतो. कंपनी मला तिकडचा कारखाना दाखवायला नेणार होती. मी कधी विमानात बसलो नव्हतो. गांधीबागेतून कापड आणून सूटसुद्धा शिवून घेतला होता.

"चाल, बस मांगं," म्हणत मॅडमनी स्कूटर काढली. हिंगण्यातले कारखाने पालथे घातले. खरी अडचण झाकणाची होती. ते दर वेळी सारख्याच दाबाने बसायला हवं, नाहीतर आकडा हलायचा. कोणी चहा पाजून वाटेला लावलं, कोणी नुसतंच हसलं. शेवटी मिक्सरची भांडी बनवणारा एक मालक म्हणाला, "करून पाहू." त्याची पहिली खेप मॅडमनीच परत केली.

"मॅडम, देशी माल आहे, थोडं सांभाळून घ्या."

"देशी हाय म्हणून वाकडं काहून चालीन? माह्या धानानं काय पाप केलं?"

मग साचा बदलत, भांडत, तर्री-पोहे खात आम्ही तिघं त्या कारखान्यातच राहिल्यासारखे राहिलो. माझं विमान त्या तर्रीत कधी बुडालं, मलाही कळलं नाही. एके दिवशी झाकण टप्पकन बसलं आणि आकडा हलला नाही. मालक, मॅडम आणि मी, तिघंही ओरडलो. कंपनीला सूट मिळाली नाही. यंत्र इथेच बनलं.

पहिलं यंत्र कुहीला न्यायचं होतं. "चांगले कपडे घालजो," मॅडमनी बजावलं. चांगले कपडे म्हणजे माझ्याकडे एकच. खळ्यावर धानाच्या ढिगाशेजारी मी सुटात उभा. बाया पदराआड हसत होत्या, "नवरदेव कोणाचा वं हा?"

व्यापाऱ्याने दाणा फोडला. "ओला." यंत्राने कोरडा सांगितला. त्याने दुसरा फोडला, तिसरा फोडला, आणि शेवटी स्वतःच हसत सुटला. मॅडमनी यंत्र उलटं करून सगळ्यांना तळ दाखवला. नागपूर!

मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या कोटाची कॉलर उलटी केली आणि शिंप्याची चिठ्ठी वाचली. "हेही इथलंच." आवाज हळू करून म्हणाल्या, "विमान हुकलं ना गा तुहं?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझी मान खाली गेली.

"वर पाह्य. फोटो काढून राहिले."

मॅडम आता नाहीत. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात त्यांचा हात माझ्या कॉलरवर आहे. पाहुण्यांना वाटतं, शाबासकी देताहेत.