महलकाखानमनं खोडायला लावलेला शब्द

आबादानहून शिराझला आलेली महलका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि शाळा सुटली की मोस्तौफीआगांच्या छापखान्याच्या माडीवर जाऊन बसायची. म्हातारे मोस्तौफीआगा इंग्रजी-फारसी शब्दकोश करत होते. त्यांना हाताखाली कुणीतरी हवंच होतं, आणि महलकाला घरी जायची घाई नव्हती.

घर म्हणजे दिराकडची एक खोली. इराकशी युद्ध पेटलं तेव्हा नवऱ्यानं, फरामर्जनं, तिला पुढं पाठवलं. रिफायनरीतलं काम आवरून तोही मागून निघाला; पण वाटेत इराकी सैनिकांनी मोटारी अडवल्या, एवढंच कळलं. पुढं तो जिवंत आहे की नाही, हेही कुणी सांगेना. हळूहळू सासरची माणसं ‘तो होता तेव्हा’ असं बोलू लागली. महलकाच्या तोंडी ते कधी आलं नाही. चिंच घालून माशाचं कालवण केलं की मात्र तिचा हात ताटातच अडायचा. आंबट कमी पडलं अशी कुरकुर करत फरामर्ज पातेलं पुसून खायचा.

कोशात ‘अँग्विश’ हा शब्द आला. मोस्तौफीआगांनी त्यापुढं ‘अजाब, रंज, अंदूह’ असे तीन अर्थ लिहिले. महलकानं त्यात चौथा सुचवला : देलतंगी.

मोस्तौफीआगांनी चष्मा काढला. म्हणाले, बायको माहेरी गेली की नवऱ्याला होते ती देलतंगी; ‘अँग्विश’ हा माणूस पिळवटून निघतो तेव्हाचा शब्द. महलका हटून बसली. या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ अरुंद जागा, चिंचोळी वाट. आपणही कुणाच्या आठवणीनं काळीज तंग झालं असंच म्हणतो ना? एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या दोन भाषांना एकच गोष्ट सुचली, मग ती का लिहू नये?

“शब्द जन्मला कुठं ते मला नका सांगू,” मोस्तौफीआगा म्हणाले. “आज तो राहतो कुठं ते बघा.”

“तुम्ही कुणाची वाट पाहिलेली नाही, आगा.”

 मोस्तौफीआगांनी पेन्सिलीनं ‘देलतंगी’ लिहून टाकलं.

आठ वर्षांनी युद्ध थांबलं, त्यानंतर दोन वर्षांनी कैदी सुटून येऊ लागले. एका उन्हाळी सकाळी फरामर्ज बसमधून उतरला. गल्लीनं मेंढा कापला, दारात धुपाचा धूर केला. केस पांढरे झालेला तो माणूस भिंतीला पाठ लावून बसला. दार लावलेलं त्याला चालेना. नारिंगाच्या झाडाखाली अंगणातच झोपू लागला. महलका जवळ आली की पटकन उठून उभा राहायचा, पहारेकरी आल्यासारखा. तिनं भरपूर चिंच घालून कालवण केलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं.

तो आला की जिवाची तगमग थांबेल, असं तिनं धरून ठेवलं होतं. ती थांबली नाही. शेवटी एका दुपारी तिनं विचारलं, “तिथं माझी आठवण यायची?”

“आधी यायची. तेव्हा बरं होतं. तू समोर असायचीस. मग कुणीच येईनासं झालं. तू नाही, आई नाही, आबादान नाही. नुसतं दुखायचं. कशासाठी दुखतंय तेही कळायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी महलका माडी चढली आणि ‘देलतंगी’ काढून टाका म्हणाली. मोस्तौफीआगा वैतागले. छपाईसाठी पान जुळवून झालंय, आणि इतक्या वर्षांत मलाही तो पटायला लागला होता, म्हणाले.

“देलतंगीला पलीकडं कुणीतरी लागतं, आगा. ‘अँग्विश’ला लागत नाही. तुमचंच खरं होतं.”

त्यांनी शब्दावर रेघ मारली. मग हळूच विचारलं, “आणि तुमचं काय?”

“मला देलतंगीच आहे. तो अंगणात बसलाय, तरी.”

कोश छापून झाला तोवर दोघं आबादानला परतली होती. जुन्या घराच्या दोन भिंती उरल्या होत्या, खजुरांचे शेंडे उडालेले. फरामर्जला रिफायनरीत हलकं काम मिळालं. संध्याकाळी तो नदीकाठानं चालायला जायचा. महलका थोडं अंतर ठेवून मागून चालायची. पहिलं वर्ष असंच, न बोलता गेलं. मग कधीतरी बोटीकडं, पाखराकडं बोट दाखवत त्याच्या तोंडून “महली” निघून जाऊ लागलं. लग्नानंतरच्या दिवसांत तो तिला अशीच हाक मारायचा.

ती लगेच ओ देत नसे. तो पुन्हा हाक मारायचा.